कार्बन बाणात हॉट मेल्टने इन्सर्ट बसवणे: मराठवाड्यातल्या धनुर्धरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्यात, जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्या भागातही बांबूचं धनुष्य सोडून रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा कंपाउंड हातात घेऊ पाहणारी लेकरं वाढली. धनुष्य क्लबचं मिळतं, कुणाचं तरी जुनं मिळतं. बाण मात्र आपले स्वतःचे, आपल्या मापाचेच लागतात. घरात एकच डझन असतं आणि त्यातला एक जरी बिघडला तरी आईवडिलांच्या चेहऱ्यावर दिसतं. बाणांचं दुकान जवळ नसल्यामुळे इन्सर्ट बसवणं, काढणं, बदलणं हे काम आपल्यालाच शिकावं लागतं. त्याबद्दल मैदानावर आणि फोनवर सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

इन्सर्ट म्हणजे नेमकं काय? बांबूच्या बाणाला तर असलं काही नव्हतं.

बांबूच्या किंवा लाकडाच्या बाणाला आत काही चिकटवावं लागत नाही. त्याच्या टोकावर लोखंडी टोपण बाहेरून बसवलं की झालं. कार्बनचा शाफ्ट, म्हणजे बाणाचं लांब अंग, पोकळ नळी असतो. त्या नळीत पुढच्या बाजूने एक छोटा धातूचा तुकडा चिकटवतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा. त्याच्या आत आटे असतात आणि त्या आट्यांत टोक, म्हणजे पॉइंट, फिरवून बसवतात. हा तुकडा म्हणजे इन्सर्ट. काही बाणांना वेगळा इन्सर्ट नसतो. पॉइंटलाच लांब दांडी असते आणि ती थेट शाफ्टमध्ये चिकटवतात. रिकर्व्हच्या बारीक बाणांत हाच प्रकार जास्त दिसतो. दोन्हींची चिकटवायची पद्धत एकच आहे, त्यामुळे पुढे ‘इन्सर्ट’ म्हटलं तरी दोन्ही धरा.

हॉट मेल्ट कशाला? एपॉक्सीने एकदाच पक्कं केलं तर काम संपलं ना?

हॉट मेल्ट म्हणजे तापवल्यावर वितळणारा आणि थंड झाल्यावर घट्ट होणारा गोंद. मोठ्या, वाढ पूर्ण झालेल्या, सेटिंग ठरलेल्या खेळाडूसाठी एपॉक्सी चांगलंच आहे. दोन नळ्यांतलं सारखं घेऊन नीट मिसळलं, पुरा वेळ दिला की ते घट्ट धरतं. चौदा वर्षांच्या मुलाचं तसं नसतं. आज तो २४ पाउंड ताकदीचं धनुष्य ओढतो, वर्षभरात ३० वर जातो, हात लांब होतात, बाण कमी कडक वाटायला लागतो, पॉइंटचं वजन बदलावं लागतं. आट्यांचा पॉइंट नुसता फिरवून निघतो, पण चिकटवलेला पॉइंट किंवा इन्सर्टही प्रत्येक वेळी काढून दुसरा घालता आला पाहिजे, आणि तेही शाफ्ट न बिघडवता. हॉट मेल्ट पुन्हा गरम केलं की सोडतं. एपॉक्सीही उष्णतेने सुटतं, पण त्यासाठी लागणारी उष्णता आणि शाफ्टला इजा करणारी उष्णता यांत फारसं अंतर राहत नाही. ज्या घरात एकच डझन बाण आहेत, त्या घरासाठी मी नेहमी हॉट मेल्टच सुचवतो.

दुसरं कारण वेळेचं. साधं एपॉक्सी पूर्ण पक्कं व्हायला बारा ते चोवीस तास घेतं. हॉट मेल्टचा बाण थंड झाला की लगेच मारता येतो.

फेविक्विक चालेल का?

लावलं तर चिकटेल. पण ते वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होतं, बटावरचे (बाण ज्यात रुततो त्या लक्ष्याच्या फोमच्या किंवा गवताच्या ठोकळ्यावरचे) धक्के सतत सोसत नाही. शिवाय इन्सर्ट आणि नळी यांच्यात फट असेल तर ती भरून निघत नाही. इन्सर्ट अर्धवट आत गेला आणि तिथेच धरला, तर पुढची कसरत वेगळीच. हाताशी दुसरं काहीच नसेल आणि उद्या सकाळी स्पर्धा असेल तर वापरा. सवय लावू नका.

कार्बनला उष्णता चालत नाही म्हणतात. मग गरम गोंद कसा चालतो?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

कार्बनचे धागे स्वतः प्रचंड उष्णता सोसतात. पण बाण नुसत्या धाग्यांचा नसतो. ते धागे एका रेझिनमध्ये, म्हणजे राळेत, घट्ट बसवलेले असतात. ही राळ साधारण शंभर-सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागते. नेमका आकडा कंपनी आणि मॉडेलप्रमाणे बदलतो. एकदा ती जास्त तापून मऊ झाली की धाग्यांच्या थरांची पकड जाते. थंड झाल्यावर बाण वरून तसाच दिसतो, पण त्या ठिकाणी तो कमजोर झालेला असतो, आणि तोच बाण पुढच्या वेळी धनुष्यावर चढतो.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे बघा. स्टेशनरीच्या दुकानातली साधी ग्लू गन गोंद १९० अंशांच्या आसपास बाहेर सोडते. कमी तापमानाच्या गनचा गोंद १२०–१३० अंशांना वाहतो. गॅस टॉर्चची ज्योत हजार अंशांच्या वर असते. म्हणजे ज्योत शाफ्टला लागू द्यायचीच नाही आणि गोंदही गरजेपेक्षा जास्त तापू द्यायचा नाही.

म्हणून नियम असा: उष्णता धातूला द्यायची, कार्बनला नाही. इन्सर्टचा तुकडा लहान असतो. त्यात साठलेली थोडी उष्णता गोंद वितळवते आणि शाफ्टमध्ये गेल्या गेल्या पसरून कमी होते. तेवढी उष्णता शाफ्ट सहज सोसतो. इन्सर्ट लालबुंद होईपर्यंत तापवला तर मात्र तीच उष्णता आतून राळेला खाते. शाफ्टवर हीट गन मारणं, शाफ्टचं टोक ज्योतीवर धरणं, ‘थोडंसं शेकून घेऊ’ म्हणणं हे कायमचं बंद.

बोटांनी तपासायची सोपी पद्धत आहे. इन्सर्ट आत गेल्यावर त्या जागी शाफ्ट बाहेरून बोटांनी धरा. आरामात धरता आला तर ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर इन्सर्ट फार तापला होता. पुढच्या बाणाला कमी तापवा.

कोणता गोंद घ्यायचा? स्टेशनरीतली पांढरी कांडी चालते का?

धनुर्विद्येसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हॉट मेल्टच्या कांड्यांत दोन जाती असतात. एक जास्त तापमानाची, मुळात लाकडी आणि ॲल्युमिनियमच्या बाणांसाठी. दुसरी कमी तापमानाची आणि लवचीक, कार्बनसाठी. कार्बनला दुसरीच घ्यायची. पाकिटावर कार्बनसाठी चालते असं लिहिलेलं असतं, ते वाचूनच मागवा. एक कांडी कित्येक डझन बाणांना पुरते, त्यामुळे क्लबने मिळून एक मागवली तरी वर्ष निघतं.

स्टेशनरीत मिळणारी ७ किंवा ११ मिलिमीटरची अर्धपारदर्शक कांडी कागद, कापड, पुठ्ठ्यासाठी बनवलेली असते. हलक्या धनुष्यावर, सरावाच्या बाणांना ती तात्पुरती चालते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र ती लवकर मऊ पडते आणि पॉइंट बटात राहायला लागतात. स्पर्धेच्या बाणांना ती वापरू नका.

ग्लू गनने थेट इन्सर्टवर गोंद सोडून आत ढकलला तर?

बहुतेक जण पहिल्यांदा असंच करतात, आणि इन्सर्ट आठवड्याभरात निघतो. कारण सरळ आहे. इन्सर्ट थंड असतो, गोंद त्याला लागताच पृष्ठभागावर गोठतो, धातूला खरा चिकटतच नाही. आत ढकलताना तो खरवडून कडेला गोळा होतो. धातू आधी कोमट-गरम असायलाच हवा, म्हणजे गोंद त्यावर पसरतो, खोबणीत उतरतो आणि धरून राहतो. गनऐवजी कांडी वापरणं जास्त सोपं: तापलेल्या इन्सर्टला कांडी टेकवायची, ती आपोआप वितळून लागते.

काय काय सामान लागतं?

कार्बनसाठीची हॉट मेल्ट कांडी, पक्कड, आटे जुळणारा एक जुना पॉइंट, कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक पॉलिश पेपर, ओलं फडकं. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मिळतं. मेडिकलमधल्या काही स्पिरिटमध्ये तेलकट पदार्थ मिसळलेले असतात, आणि तेलाचा एक थर राहिला तरी गोंद धरत नाही. म्हणून आयपीएच घ्या.

तापवण्यासाठी सोल्डरिंगचं यंत्र मला सगळ्यात चांगलं वाटतं. त्याचं टोक पॉइंटला टेकवून ठेवा. उष्णता हळूहळू पॉइंटमधून इन्सर्टमध्ये जाते, कुठेही उघडी ज्योत नाही, आणि ज्योतीइतकी घाई होत नाही. इलेक्ट्रिशियन वापरतात ते २५ ते ६० वॅटचं पुरतं. त्यानंतर स्पिरिटचा दिवा, मग छोटा गॅस टॉर्च. मेणबत्ती नको; तिची काजळी धातूवर बसते आणि काजळीवर गोंद धरत नाही. घरातल्या गॅसवर करायचं असेल तर मंद निळी ज्योत ठेवा आणि मोठं माणूस शेजारी पाहिजे.

बसवायची पूर्ण पद्धत सांगा.

आधी शाफ्टचं टोक बघा. ते काटकोनात कापलेलं आणि गुळगुळीत हवं. तिरकं असेल तर इन्सर्टची कडा एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला फट राहते, आणि पॉइंट फिरताना डुलतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून, पाण्याने ओला करून, शाफ्ट उभा धरून हलक्या हाताने गोल फिरवा. ओला यासाठी की कार्बनची पूड हवेत उडू नये. ही पूड फुफ्फुसाला आणि कातडीला त्रास देते, म्हणून मास्क लावा आणि झाल्यावर हात पाण्याने धुवा. फुंकर मारून पूड उडवायची सवय मोडा.

मग नळीच्या आतला सुमारे तीन-चार सेंटिमीटर भाग कापसाची काडी आयपीएत बुडवून पुसा. काडी काळी निघते. ती स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहा. इन्सर्टही पुसा. नवा इन्सर्ट दिसायला चकचकीत असला तरी कारखान्यातलं तेल त्यावर असतं. दोन्ही पूर्ण वाळू द्या. गोंद न लावता इन्सर्ट एकदा आत घालून बघा: तो बोटाने सरकला पाहिजे, पण लडबडायला नको.

आता मागचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारं खाचेचं टोपण, काढा. हे फार जण विसरतात. नॉक लावलेला असेल तर नळीत हवा कोंडते. इन्सर्ट आत ढकलला की ती दाबली जाते, वर गरम धातूने ती फुगते आणि इन्सर्ट हळूहळू बाहेर येतो, नाहीतर गोंदात बुडबुडा पाडून फट ठेवते. तुम्हाला वाटतं बसला, आणि थंड झाल्यावर बघता तर अर्धा मिलिमीटर वर आलेला.

इन्सर्टमध्ये जुना पॉइंट फिरवून बसवा आणि पक्कडीने पॉइंटचं टोक धरा. उष्णता पॉइंटच्या पुढच्या भागाला द्या. मधूनमधून इन्सर्टला कांडी टेकवून बघा. कांडी टेकल्यावर गुळाच्या पाकासारखी ओघळून पसरली की झालं. गोंद उकळला, धूर आला किंवा तपकिरी झाला तर जास्त तापलं. तो गोंद पुसून टाका, थंड होऊ द्या, पुन्हा करा. जळलेल्या गोंदाची पकड परत येत नाही.

इन्सर्टच्या दांडीला सगळीकडून पातळ, सलग थर द्या. खोबणी भरल्या पाहिजेत. मग न थांबता तो शाफ्टच्या तोंडाशी आणा आणि एक-दोन वेढे फिरवत आत सरकवा. फिरवल्याने गोंद सगळीकडे सारखा लागतो. कडा टेकली की बाण उभा करून लाकडी पाटावर दाबा, मनात दहा म्हणा, आणि लगेच ओलं फडकं पॉइंटला गुंडाळा. आधी धातू थंड होऊ द्यायचा, कारण उष्णतेचा साठा तिथेच आहे. पाणी नळीत जाऊ देऊ नका.

बाहेर आलेला गोंद गरम असताना पुसायला जाऊ नका, तो पसरतो आणि बोटही भाजतं. थंड झाल्यावर नखाने कड उचलली की अख्खं कडं निघून येतं.

इन्सर्ट अर्ध्यावरच अडकला. आता?

हातोडी नाही, आणि शाफ्ट तापवणंही नाही. पॉइंटच्या टोकाला पुन्हा थोडी उष्णता द्या. गोंद सैल पडला की पुढे ढकलण्यापेक्षा बाहेर ओढा, पुसा, नव्याने सुरू करा. अर्ध्यावर अडकण्याची बहुतेक कारणं दोनच: इन्सर्ट पुरेसा गरम नव्हता, नाहीतर गोंद जाड लागला होता.

सरळ बसला की नाही, कसं कळेल?

गुळगुळीत टेबलाच्या कडेवर शाफ्ट ठेवून पॉइंट कडेबाहेर राहील असा हळूहळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक एका जागी स्थिर दिसलं तर उत्तम. गोल फिरताना दिसलं तर डुलतोय. दोन खिळ्यांच्या दोन जोड्या फळीवर ठोकून घरीच फिरवायचं स्टँड करता येतं. किंचित डुलत असेल तर पॉइंट पुन्हा कोमट करून इन्सर्ट अर्धा वेढा फिरवा आणि परत बघा. तरी तसाच राहिला तर दोष बहुधा शाफ्टच्या तिरक्या टोकात आहे. टोक घासल्याशिवाय गोंदाने तो सुटणार नाही.

बसवलेला इन्सर्ट काढायचा कसा?

माझी पहिली पसंती उकळत्या पाण्याला आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. आपल्या पठारावर, छत्रपती संभाजीनगरसारख्या ५५०–६०० मीटर उंचीच्या गावात, त्याहून एक-दोन अंश आधीच. म्हणजे कितीही वेळ आच दिली तरी पाणी त्याच्या वर तापत नाही. ज्योतीला अशी कोणतीही मर्यादा नाही. नवख्या माणसाच्या हातून शाफ्ट जळण्याची भीती इथे सगळ्यात कमी.

नॉक काढा. पाणी उकळून आच बंद करा. फक्त पॉइंट आणि इन्सर्टपुरता भाग पाण्यात धरा. मधूनमधून बाहेर काढून पक्कडीने पॉइंट धरा, शाफ्ट कोरड्या फडक्याने धरा आणि फिरवत ओढा. सरळ खेचायचं नाही. आधी फिरवायचं, मग ओढायचं. कमी तापमानाच्या गोंदाला हे पुरतं. नंतर शाफ्ट उभा टांगून आतलं पाणी निथळू द्या. दांडी घट्ट असेल आणि पाण्याने सुटत नसेल तर सोल्डरिंगचं टोक पॉइंटला लावा, त्याच पद्धतीने.

आधीच्या मालकाने काय लावलं होतं ते माहीत नाही, असे जुने बाण हातात आले तर आधी पाणीच वापरा. पाण्याने हललं नाही तर बहुधा एपॉक्सी आहे. तो बाण तसाच वापरता येईल का ते आधी बघा. वजन बदलायच्या हौसेपायी शाफ्ट भाजण्यात अर्थ नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२ वर जातो. गोंद वितळतो का?

मैदानावरच्या उन्हाने चांगला गोंद वितळत नाही. अडचण गाडीत होते. चाळीस-बेचाळीस अंशांत उन्हात उभ्या, काचा बंद असलेल्या गाडीत आतलं तापमान साठ-सत्तरपर्यंत जातं, डॅशबोर्ड त्याहून जास्त. काळा शाफ्ट ते पुरेपूर शोषतो. या तापमानाला स्टेशनरीतला गोंद मऊ पडतो, आणि बाण पॉइंट खाली करून उभे असतील तर इन्सर्ट वजनाने हळूच सरकतो. तुम्हाला ते दिसत नाही, पण निशाण वर-खाली व्हायला लागतं.

बाणांची पेटी गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. एसटीने जाताना बसच्या टपावर टाकू नका, सोबत ठेवा. मैदानावर क्विव्हर, म्हणजे भाता, सावलीत टांगा. सावली नसेल तर पांढरं उपरणं टाकलं तरी फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी दहाच्या आत उरका, हे बाणांसाठी आणि मुलांसाठी दोघांसाठीही चांगलं.

हिवाळ्यात उलटा प्रकार होतो. परभणीकडे पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा कडक जातीचा गोंद ठिसूळ होतो आणि बाण दगडावर किंवा लाकडी चौकटीवर आदळला की इन्सर्ट सुटतो. लवचीक जातीला हा त्रास कमी.

पॉइंट बटातच राहतो, शाफ्ट एकटा बाहेर येतो. गोंद वाईट आहे का?

कधी गोंद, कधी हात. फोमच्या घट्ट बटात बाण शिरताना घासून गरम होतो, त्यामुळे हॉट मेल्टची पकड त्या क्षणी सैल असते. त्यातच मुलं एका हिसक्यात बाण उपटतात. एक हात बटावर टेकवा, दुसऱ्या हाताने बाण बटाच्या अगदी जवळ धरा, हलका फिरवा आणि सरळ रेषेत ओढा. बाणाला खाली-वर वाकवून ओढलं तर शाफ्टही तडकतो. बाण ओढायचा रबरी तुकडा असेल तर वापरा. नव्या फोमवर शाफ्टच्या पुढच्या भागाला कोरडा साबण चोळला तरी बाण सोपा निघतो. वाळल्या गवताच्या बटात ही तक्रार क्वचित येते.

एवढं करूनही तोच पॉइंट पुन्हा पुन्हा राहत असेल तर नळी आतून नीट पुसलेली नाही.

बटात राहिलेला पॉइंट त्याच वेळी शोधून काढा. पुढचा बाण त्याच्यावर आदळला तर तो फुटेल.

इन्सर्ट गेलेला बाण एखादा मारला तर काय होईल?

मारायचा नाही, एकही नाही. पॉइंट आणि इन्सर्ट गेला म्हणजे बाणाचं शंभर ग्रेनहून (साधारण साडेसहा ग्रॅमहून) जास्त वजन पुढच्या टोकातून गेलं. असा हलका बाण धनुष्याची ताकद पुरती घेत नाही. उरलेली ताकद धनुष्याच्या अंगात जाते. कंपाउंडला ते फार महाग पडू शकतं. आणि बाण कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

शाफ्ट जळलाय किंवा तडकलाय हे कसं ओळखायचं?

हे दर सरावाला, दर बाणाला करायचं. फुटका कार्बनचा बाण सुटताना चिरफळतो आणि त्याचे धागे धनुष्य धरणाऱ्या हातात घुसतात. ही जखम वाईट असते. म्हणून या बाबतीत घाई कुणाचीही ऐकू नका.

शाफ्ट दोन्ही टोकांना धरून, चेहऱ्यापासून लांब, हलका कमानीसारखा वाकवा आणि ऐका. थोडा थोडा फिरवत चारही बाजूंनी वाकवा. कट्‌-कट्‌ आवाज आला तर बाण बाद. मग दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून बघा. पुढचं टोक इन्सर्टच्या मागे बोटांनी दाबून बघा. मऊ लागलं, पापुद्रा सुटलेला दिसला, पांढुरकं वलय दिसलं, धागे केसासारखे उभे दिसले, तर उष्णतेने किंवा माराने तो भाग गेला आहे. शाफ्टवर बोट फिरवताना कपड्यातून फिरवा, नाहीतर कुसळ घुसतं. जागा पुरत असेल तर तेवढा भाग कापून बाण लहान मुलाला देता येतो, पण उरलेला शाफ्टही पूर्ण तपासूनच. बाद बाण मोडून टाका, कोपऱ्यात ठेवू नका. नवं पोर उचलून मारतं.

सगळ्या बाणांचं वजन सारखं कसं ठेवायचं?

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, नाहीतर ओळखीच्या सराफाकडे डझनभर बाण घेऊन जा. दुपारच्या निवांत वेळी ते आनंदाने मोजून देतात. आधी नुसते इन्सर्ट आणि पॉइंट मोजून सारख्या वजनाचे एकत्र लावा, मग चिकटवल्यानंतर पूर्ण बाण मोजा. गोंदाचा थर सारखा असेल तर फरक दोन-तीन ग्रेनच्या आत राहतो. एखादा बाण एकदम पाच-सहा ग्रेनने जड निघाला तर आत गोंदाचा गोळा राहिलाय, तो काढून पुन्हा बसवा.

स्पर्धेतही एका फेरीत मारलेले बाण एकसारखे असावे लागतात आणि शाफ्टवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. काही बाणांचे पॉइंट बदलले आणि काहींचे राहिले, असं करू नका.

पॉइंटचं वजन वाढवलं तर नेमकं काय बदलतं?

दोन गोष्टी. एक, बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे कमी कडक असल्यासारखा वागतो. दोन, त्याचा तोल पुढे सरकतो. हा तोल मोजता येतो. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या टोकापर्यंतची लांबी घ्या. बाण पट्टीच्या धारेवर तोलून, खाचेपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर घ्या. त्यातून लांबीचा निम्मा भाग वजा करा, आलेल्या आकड्याला पूर्ण लांबीने भागा आणि शंभराने गुणा. समजा बाण ७२ सेंटिमीटर आणि तोल ४५ वर. ४५ वजा ३६ म्हणजे ९; ९ भागिले ७२, म्हणजे १२.५ टक्के. लांब अंतरावरच्या रिकर्व्हला साधारण ११ ते १६ टक्के धरतात.

दुष्काळी भागातल्या मोकळ्या माळावर वारा जोरात असतो. तिथे तोल थोडा पुढे असलेला बाण वाऱ्यात बरा टिकतो, म्हणून १०० ऐवजी ११० किंवा १२० ग्रेनचा पॉइंट लावून बघावासा वाटतो. हॉट मेल्ट असेल तर हा प्रयोग एका संध्याकाळी होतो: तीन बाणांचे पॉइंट बदला, तीन तसेच ठेवा, आळीपाळीने मारा आणि गट, म्हणजे बाण एकमेकांच्या किती जवळ लागतात ते, बघा. आवडलं नाही तर पुन्हा मूळ पॉइंट.

शाफ्ट आमच्याकडे हॅक्सॉने कापून मिळेल का?

नको. हॅक्सॉचे दात धागे उचकटतात आणि पाइप कटर नळी चेपतो. पातळ घासणारी चकती असलेल्या वेगवान यंत्रानेच कापायचं, कापायच्या जागी कागदी टेप गुंडाळून, मास्क लावून आणि पूड ओढून घेण्याची सोय करून. गावात ती नसेल तर बाण मागवतानाच लांबी सांगून कापून घ्या.

पॉइंट सतत ढिला होतो. हा गोंदाचा दोष का?

नाही, तो आट्यांचा. इन्सर्ट जागेवर आहे, फक्त पॉइंट फिरतोय. आट्यांना किंचित मेण चोळा किंवा पातळ रबरी रिंग घाला. दर चार-पाच बाणांनंतर बोटांनी आवळायची सवय मुलांना लावा. पॉइंटसोबत इन्सर्टही फिरत असेल तर मात्र गोंद सुटलाय.

हेच करून शिकारीची पाती लावता येतात का?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. ससा असो की रानडुक्कर, परवानगीशिवाय बाण चालवणं गुन्हा आहे. इथलं सगळं लक्ष्यावरच्या खेळासाठी आहे.

स्पर्धेला जाताना सोबत काय ठेवावं?

कमीत कमी तीन जादा बाण, आधीच मोजून, फिरवून, मारून तपासलेले. स्पर्धेच्या मधोमध गोंद लावत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. त्याशिवाय कांडीचा एक तुकडा, पक्कड, चार कापसाच्या काड्या, छोट्या बाटलीत आयपीए, जादा नॉक आणि सोल्डरिंगचं यंत्र. गॅस टॉर्चचा डबा घरी ठेवा. ज्वलनशील गॅस रेल्वेत नेता येत नाही, आणि सोल्डरिंगला मुक्कामाच्या खोलीतला एक सॉकेट पुरतो. आदल्या रात्री सगळे पॉइंट एकेक करून हाताने पिळून बघा, जो हलेल तो तेव्हाच काढून नव्याने बसवा, आणि सकाळी सरावाच्या बाणांत त्यालाच आधी मारा.